हेडलाइटच्या पोटातला पाच वॅटचा दिवा

मोटारीच्या दिव्यांचा स्विच पहिल्या टप्प्यावर फिरवला की हेडलाइट लागत नाहीत. पुढचे दोन छोटे पार्किंग लाइट, मागचे तांबडे दिवे, नंबरप्लेटवरचा दिवा आणि डॅशबोर्डचा उजेड एवढेच लागते. हेडलाइट चालकाला रस्ता दाखवतो, तर पार्किंग लाइट ही गाडी इथे आहे आणि ती एवढी रुंद आहे हे इतरांना दाखवतो. हा फरक सांगायला सोपा आहे, पण हेडलाइटमध्ये स्वतः भोक पाडून असा छोटा दिवा बसवणाऱ्यांच्या बहुतेक चुका तो नीट ध्यानात न घेतल्यामुळे होतात.

अलीकडच्या गाड्यांत पार्किंग लाइट कारखान्यातूनच बसवून येतात, त्यामुळे ही उठाठेव मुख्यतः जुन्या गाड्या जपणाऱ्यांना करावी लागते. अमेरिकेत 1940 च्या सुमारास सीलबंद गोल हेडलाइट रूढ झाले आणि पुढे चार दशके तिथल्या नियमांनी तीच पद्धत धरून ठेवली. बल्ब बदलता येईल अशा हेडलाइटला तिथे 1983 मध्ये परवानगी मिळाली. सीलबंद प्रकारात काच, परावर्तक आणि फिलामेंट मिळून एकच मोठा हवाबंद बल्ब तयार होतो. त्याला भोक पाडले तर आत हवा शिरून टंगस्टनचे फिलामेंट पेटवताक्षणीच जळते, म्हणून तिथल्या कारखान्यांनी पार्किंग लाइट इंडिकेटरच्या घरात, दोन फिलामेंटच्या एकाच बल्बात बसवला. युरोपात मात्र हेडलाइटचा बल्ब मागून काढता येत असे. एच-4 हा दोन फिलामेंटचा हॅलोजन बल्ब 1971 मध्ये आला आणि त्याच्या शेजारी, त्याच परावर्तकात, चार किंवा पाच वॅटचा छोटा बल्ब खोवण्याची रीत तिकडे सर्रास होती. आपल्याकडच्या बुलेटने तिसरा मार्ग धरला. 1954 पासून तिच्या हेडलाइटच्या घुमटावर, दिव्याच्या दोन्ही अंगांना, दोन चिमुकले दिवे वेगळेच बसवलेले दिसतात.

सीलबंद दिव्याच्या जागी सात इंची एच-4 हेडलाइट बसवला की बल्बच्या शेजारी रिकामी जागा दिसू लागते आणि पार्किंग लाइटही तिथेच बसवावा असे वाटते. त्यासाठी परावर्तकाचा आकार काय करतो ते आधी पाहू. जुन्या पद्धतीचा परावर्तक, म्हणजे दिव्यातला आरसा, अन्वस्ताकार (पॅराबोलासारखा खोलगट) असतो. त्याच्या नाभीपाशी (फोकसपाशी) ठेवलेल्या फिलामेंटचा उजेड आरशावर आपटून समांतर झोतात बाहेर पडतो. एच-4 च्या अप्पर, म्हणजे लांबच्या झोताच्या, फिलामेंटमधून साधारण 1650 ल्युमेन प्रकाश निघतो; ल्युमेन हे एकूण प्रकाशाचे माप. आरसा नसता आणि हा प्रकाश सर्व दिशांना सारखा पसरला असता, तर त्याची तीव्रता जेमतेम 130 कँडेला (एका दिशेने जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) भरली असती. आरसा तोच प्रकाश गोळा करून झोताच्या मध्यावर वीस-तीस हजार कँडेलापर्यंत नेतो. दीडशे पटींहून अधिक असलेली ही वाढ बाजूंचा उजेड काढून घेऊन मिळालेली असते.

पार्किंग लाइटला याच्या नेमके उलट हवे असते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांनुसार पुढच्या पार्किंग लाइटची तीव्रता समोरून किमान 4 कँडेला असावी लागते आणि तो बाहेरच्या बाजूला 80 अंशांपर्यंत, आतल्या बाजूला 45 अंशांपर्यंत दिसावा लागतो. पाच वॅटच्या टी-10 या छोट्या बल्बमधून सुमारे 50 ल्युमेन प्रकाश निघतो. तो सगळीकडे सारखा पसरला तर तीव्रता भरते बरोबर 4 कँडेला, आणि मागचा परावर्तक व पुढची काच त्यात थोडी भर घालतात. आता उत्साहाच्या भरात कोणी हा बल्ब नाभीजवळ बसवला, तर काहीशे कँडेलाचा बारीक झोत समोर जाईल आणि बाजूच्या गल्लीतून येणाऱ्या दुचाकीस्वाराला काहीच दिसणार नाही. म्हणून छोटा बल्ब नाभीपासून दूर असलाच पाहिजे. तो दूर असला की झोत जुळत नाही, उजेड परावर्तकभर सांडतो आणि संपूर्ण काच मंद उजळलेली दिसते.

4 कँडेला ही तीव्रता ऐकायला क्षुल्लक वाटते. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात उजेड घटतो, या हिशेबाने दीडशे मीटरवरून असा दिवा डोळ्याला साधारण शुक्राच्या चांदणीइतका तेजस्वी दिसतो. काळोख्या रस्त्यावर एवढे पुरते. रस्त्यावरच्या दिव्यांच्या झगमगाटात ते हरवते, पण तिथे गाडी उजळवायला रस्त्यावरचे दिवे असतातच.

भोक कुठे पाडायचे, याचे उत्तर एच-4 बल्बच्या रचनेत आहे. या बल्बातले डिपरचे, म्हणजे खाली वळवलेल्या जवळच्या झोताचे, फिलामेंट नाभीच्या किंचित पुढे असते आणि त्याच्या खाली धातूची एक छोटी पन्हळ असते. फिलामेंटचा खाली जाणारा उजेड ही पन्हळ अडवते, त्यामुळे डिपर लावल्यावर परावर्तकाचा वरचा भागच काम करतो आणि तिथून परतलेला उजेड खाली रस्त्याकडे वळतो. खालचा बराचसा भाग डिपरच्या वेळी रिकामा असतो. पार्किंगचा बल्ब त्या खालच्या भागात, एच-4 च्या खोबणीपासून पुरेसा दूर बसवला तर डिपरचे नुकसान सर्वांत कमी होते. अप्पर मात्र सगळा परावर्तक वापरतो, तरी सात इंची दिव्यात 20 मिलिमीटरच्या भोकाने जाणारे क्षेत्रफळ दीड टक्क्याच्या आसपास भरते. तेच भोक वरच्या भागात पाडले तर डिपरचा उजेड घटतोच, शिवाय बल्बच्या काचेवरून उडालेली तिरीप समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जाते. माझ्या मते या कामातला सर्वांत गंभीर धोका हाच आहे, कारण त्याचा त्रास भोक पाडणाऱ्याला होत नाही.

दुसरी अडचण परावर्तकाच्या पृष्ठभागाची आहे. त्यावरची चकाकी म्हणजे निर्वात पोकळीत वाफेच्या रूपाने बसवलेला ॲल्युमिनियमचा थर, आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते. बोटाचा घामट ठसा, कोरडे फडके किंवा ड्रिलचा तापलेला कीस यांपैकी काहीही तो थर कायमचा बिघडवू शकते. काच चिकटवलेल्या हेडलाइटमध्ये मागून ड्रिल चालवले की कीस आत पडतो आणि पूर्णपणे बाहेर निघत नाही. उरलेला प्रत्येक चमकता कण भलत्या दिशेला उजेड फेकतो. त्यामुळे माझा कौल स्पष्ट आहे: ड्रिल हातात घेण्यापेक्षा पार्किंगच्या बल्बची जागा कारखान्यातच ठेवलेला सात इंची हेडलाइट विकत घ्यावा. असे दिवे मिळतात आणि ते त्या जागेसह तपासलेले असतात. भोक पाडलेला दिवा हा मंजुरी मिळालेला दिवा राहत नाही, आणि आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाहनातल्या बदलांविषयीच आहे, हेही विसरू नये.

विकत घेताना एक गोष्ट हमखास निसटते. डिपरच्या झोताची वरची कड सरळ नसते, रस्त्याची कडा दिसावी म्हणून ती एका बाजूला 15 अंशांनी वर चढते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून आपल्याकडे ती डावीकडे चढायला हवी. जर्मनी किंवा फ्रान्ससाठी बनवलेल्या दिव्यात ती उजवीकडे चढते, म्हणजे आपल्या रस्त्यावर थेट समोरच्याच्या डोळ्यांत.

वायरिंग त्या मानाने सोपे आहे. पाच वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर 0.4 अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो, म्हणून स्विचच्या पहिल्या टप्प्यावर चालू होणाऱ्या, आधीच फ्यूज असलेल्या पार्किंगच्या वायरवरून जोड घेतला तरी चालतो. बल्ब तपासताना मल्टिमीटरचा आकडा गोंधळात टाकतो. हिशेबाने रोध 29 ओहमच्या जवळ यायला हवा, पण थंड फिलामेंटचा रोध त्याच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे दोन-तीन ओहमच दिसतो. बल्ब खराब नसतो. टंगस्टन तापल्यावर त्याचा रोध वाढतो, एवढाच त्याचा अर्थ. खरी डोकेदुखी अर्थिंगची असते. इंडिकेटर लुकलुकताना शेजारचा पार्किंग लाइटही त्याच तालावर मंद होत असेल, तर दोघांची सामाईक अर्थिंग गंजली आहे आणि प्रवाह दुसऱ्या फिलामेंटमधून परतीची वाट शोधतो आहे, असे समजावे. तिथला रंग खरवडून उघड्या पत्र्यावर जोड घट्ट आवळला की हा खेळ थांबतो.

टी-10 च्या जागी एलईडी घालण्याचा मोह अनेकांना होतो. वीज वाचते हे खरे आहे. पुढचे-मागचे सगळे छोटे दिवे मिळून दोन अँपिअर घेतात आणि 35 अँपिअर-तासांची बॅटरी आठ-नऊ तासांत अर्धी उतरते, तिथे एलईडीने बराच फरक पडतो. मात्र फिलामेंट सगळीकडे उजेड फेकते, तर एलईडीची चकती मुख्यतः तोंडासमोर. त्यामुळे बाजूने दिसणे कमी होते आणि त्या बल्बसाठी आखलेला परावर्तक वायाच जातो. रंगही महत्त्वाचा आहे. पुढे पांढरा आणि मागे तांबडा यावरूनच रात्री गाडीची दिशा कळते, म्हणून निळसर किंवा रंगीत बल्ब घालू नयेत.

कोकणात किंवा गोव्यात गाडी असेल तर भोकाभोवतीच्या रबरी कड्याकडे विशेष लक्ष द्यावे. हेडलाइटमधली हवा 25 अंशांवरून 75 अंशांपर्यंत तापली की सुमारे एक षष्ठांशाने प्रसरण पावून बाहेर जाते, आणि दिवा थंड होताना तेवढीच बाहेरची हवा आत ओढली जाते. कडे सैल असेल तर पावसाळ्यात ती हवा दमट तर असतेच, शिवाय चाकांनी उडवलेल्या पाण्याचे तुषारही सोबत आणते. त्याने ॲल्युमिनियमचा थर कडेपासून काळवंडू लागतो.

काम झाल्यावर गाडी सपाट जागी, भिंतीपासून पाच-सहा मीटरवर उभी करून एका वेळी एकच हेडलाइट झाकून डिपर पाहावा. कडेच्या वरच्या अंधारात बदल केलेल्या दिव्याचे नवे ठिपके किंवा पट्टे दिसले, तर तो दिवा काढून जुना परत बसवावा. ठिपके नसतील तर फक्त पार्किंग लाइट लावून गाडीच्या बाजूला, दाराच्या रेषेत जवळजवळ येईपर्यंत चालत जावे आणि उजेड कुठपर्यंत दिसतो ते पाहावे.