शिरेची चरबी सोलू नका

बायपास झालेल्या माणसाला भेटायला जा, तो छातीपेक्षा पायाबद्दलच जास्त बोलतो. माझे मामाही तसेच. "छातीचं काही नाही रे, हा पाय ठणकतो!" पायाची सॅफेनस नावाची लांब नीला काढून हृदयावर जोडतात, त्याची ती जखम. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये 1967 साली अर्जेंटिनाच्या रेने फावालोरो यांनी ही शस्त्रक्रिया सुरू करून रुळवली. पुढची कितीतरी वर्षं शीर काढली की तिच्याभोवतीची पिवळी चरबी सोलून टाकायची, हाच शिरस्ता होता. चरबीचा उपयोग काय, असं सगळ्यांनाच वाटायचं.

शाळेत शिकल्याप्रमाणे रोहिणीची भिंत जाड, नीलेची पातळ. आडवं झोपल्यावर पायाच्या नीलेतला दाब जेमतेम 10 मिलिमीटर पारा असतो. तीच नीला हृदयावर गेली की तिला 120 च्या दाबाचे ठोके सोसावे लागतात. भिंतीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. दाब वाढला, नीला रुंद आणि वर पातळ, म्हणजे तिन्हीकडून मार. मग ती स्वतःला जाड करू लागते. भिंतीतल्या स्नायूपेशी आतल्या बाजूला सरकतात, वाढतात, पोकळी अरुंद होते आणि पुढे तिथेच कोलेस्टेरॉल बसतं. दहा वर्षांत साधारण निम्म्या शिरा बंद पडतात किंवा खराब होतात.

पण नीलेचे हाल त्याच्या आधी, ऑपरेशनच्या टेबलावरच सुरू होतात. चरबी सोलताना हाताळली गेली की शीर आकसते. आकसलेली शीर जोडायची कशी? म्हणून सिरिंजने द्रव भरून ती फुगवायची. हा दाब कधीकधी 300 च्याही वर जातो. त्यात आतलं नाजूक अस्तर फाटतं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, ज्यामुळे वाहिनी सैल राहते आणि गुठळी होत नाही. (याच रेणूच्या कामासाठी 1998 चं नोबेल मिळालं.) म्हणजे बाहेरून सोललं आणि त्यापायी आतूनही गेलं.

आता त्या 'टाकाऊ' चरबीकडे पाहू. ती स्वतःही नायट्रिक ऑक्साइड सोडते, अॅडिपोनेक्टिनसारखे दाह कमी करणारे पदार्थ सोडते आणि बाहेरून आधार देऊन शिरेला पीळ पडू देत नाही. मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. नीलेतून वाहणारं रक्त ऑक्सिजन देऊन रिकामं झालेलं, तेव्हा तिच्या भिंतीला प्राणवायू आतून फारसा मिळत नाही. तो बाहेरून येणाऱ्या केसासारख्या बारीक वाहिन्या पुरवतात. वाहिनीला पोसणाऱ्या या वाहिन्या नीलेच्या भिंतीत खोलवर शिरतात. चरबी सोलली की त्याही तुटतात आणि भिंत उपाशी राहते.

स्वीडनमधल्या ओरेब्रो इथे डोमिंगोस सूझा यांनी 1996 साली शीर चरबीसकट, तिला हात न लावता काढायची पद्धत मांडली. शीर आकसेना, फुगवावी लागेना. 16 वर्षांनी तपासलं तेव्हा अशा 83 टक्के शिरा उघड्या होत्या, सोललेल्या 64 टक्के. रुग्ण मात्र थोडे होते. चीनमध्ये 2,655 रुग्णांवर झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर बंद शिरांचं प्रमाण 3.7 टक्के, जुन्या पद्धतीत 6.5. पण 2024 च्या, मुख्यतः स्वीडनमधल्याच सुमारे 900 रुग्णांच्या चाचणीत फरक ठामपणे सिद्ध झाला नाही, आणि पायाच्या जखमांचा त्रास मात्र वाढला. चरबी सोबत घ्यायची तर छेद मोठा घ्यावा लागतो. मामांना हे सांगितलं असतं तर त्यांनी हातच जोडले असते.

हे वाचून कोणी तुपाचा डबा उघडू नये. ही चरबी शिरेची शेजारीण आहे, ताटातली नव्हे. हृदयाच्या रोहिण्यांभोवतीची चरबी दाहाने बिघडली तर उलट घातकच ठरते. 'नसांतली चरबी सात दिवसांत विरघळवणारा काढा' असा संदेश व्हॉट्सअॅपवर फिरतो, त्याला तर कसलाच आधार नाही.

छातीच्या आतल्या बाजूची रोहिणी बायपाससाठी घेताना ती पूर्वीपासून बहुतेकदा भोवतालच्या चरबीसह काढली जायची, आणि ती वर्षानुवर्षं टिकते. टिकण्यात तिच्या स्वतःच्या भिंतीचाही मोठा वाटा आहे, पण पायाच्या शिरेला तोच मान द्यायला तीस वर्षं लागली. आता दुर्बिणीने, छोट्या छेदातून, चरबीसकट शीर काढता येते का, हे शल्यविशारद आजमावत आहेत.