डांबरगोळीतलं जंगल

थंडी सुरू झाली की माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि झाकण उघडताच आधी तो वास येतो. स्वेटरच्या घडीत ठेवताना बोराएवढी असलेली डांबरगोळी आता वाटाण्याएवढी उरलेली असते. ती वितळली नाही, कपड्यावर डागही पडला नाही. घनाची सरळ वाफ झाली आणि ती हवेत मिसळली. देवघरातल्या कापराचंही तसंच. डबीचं झाकण नीट लागलं नाही तर वड्या महिन्याभरात झिजतात. दोन्ही पांढरे, दोन्ही उग्र वासाचे, दोन्हींच्या रेणूत कार्बनचे १० अणू. आणि दोन्ही झाडांनीच दिलेले.

कापराचं झाडाशी नातं समजायला सोपं आहे. पूर्वी कापराच्या झाडाच्या लाकडाच्या ढलप्यांमधून वाफ सोडून तो काढत. आता बहुतेक कापूर कारखान्यात बनतो, पण त्यासाठी लागणारं टर्पेंटाइन पाइनच्या झाडाच्या चिकातूनच मिळतं. डांबरगोळीचं झाड मात्र पंचवीस कोटी वर्षांहून जुनं आहे.

गोळीच्या नावातच तिचा पत्ता आहे. फक्त एक घोळ सोडवायला हवा. रस्त्यावर ओततात ते डांबर खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरलेलं असतं. गोळीतलं नॅप्थलीन येतं कोळशाच्या डांबरातून. वस्तू दोन, मराठीत नाव एकच. कोळशाचं डांबर पोलाद कारखान्यांच्या कोक भट्ट्यांमध्ये मिळतं. तिथे कोळसा हवा लागू न देता हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. प्राणवायूच नसल्यामुळे तो पेटत नाही, आतल्या आत फुटतो. मागे उरतो कोक, म्हणजे लोखंड गाळायला लागणारा कठीण कोळसा, निसटतो तो वायू, आणि हा वायू थंड करताना काळं, चिकट डांबर वेगळं होतं. एक टन कोळशामागे साधारण ३० ते ४० किलो. त्यातला दहावा हिस्सा नॅप्थलीन. काळ्या फिनेलचा आणि जुन्या कार्बोलिक साबणाचा वासही मूळचा याच डांबराचा.

आपल्याकडे कोकसाठी कोळसा झारखंडमधल्या झरियाहून येतो, आणि बराचसा ऑस्ट्रेलियातून. दोन्हीकडचा हा कोळसा एकाच जुन्या खंडावर वाढलेल्या जंगलांचा आहे. त्या खंडाचं नाव गोंडवन, आणि ते नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडलं. तिथली मुख्य वनस्पती ग्लॉसोप्टेरिस. तिच्या पानाचा ठसा दगडात एकदा पाहिला की विसरत नाही: जिभेसारखा आकार, मधोमध ठसठशीत शीर, दोन्ही बाजूंना बारीक शिरांची जाळी. हेच पान दक्षिण आफ्रिकेत आणि अंटार्क्टिकातही सापडतं. चंद्रपूर, वणी, बल्लारपूरचा कोळसाही त्याच काळातला. पण त्याचा चांगला कोक होत नाही, म्हणून तो मुख्यतः वीज केंद्रांत जळतो.

मला यात सगळ्यात विलक्षण वाटते ती रेणूंची घडण. नॅप्थलीनमध्ये कार्बनच्या दोन षटकोनी कड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. बेंझीनमध्ये अशी एक कडी. कोळशात अशा कड्यांची नुसती रेलचेल असते, आणि त्यामागे लाकूड आहे. झाडाला ताठ उभं ठेवणारं लिग्निन मुळातच या कड्यांचं बनलेलं असतं आणि ते सहजी कुजत नाही. दलदलीत कोसळलेल्या झाडातला इतर भाग बराचसा सडून गेला, लिग्निन तगलं, गाळाखाली दबलं, तापलं आणि कोळसा झालं.

खनिज तेलाचं तसं नाही. त्याचा मोठा वाटा समुद्रातल्या आणि तळ्यांतल्या सूक्ष्म शेवाळांकडून आलेला. त्यांच्यात लाकूड नव्हतं, मेद होता, आणि मेदात असतात कार्बनच्या लांब साखळ्या. म्हणून तेलात साखळ्यांचं प्रमाण जास्त. घरातली मेणबत्ती घ्या. तिचं मेण खनिज तेलातून निघालेलं असतं आणि त्यात विसाहून जास्त कार्बन एका ओळीत उभे असतात. कोळशात कड्या आणि तेलात साखळ्या, ही ढोबळ खूण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. तेल बनतं तिथे राहत नाही, हेही लक्षात ठेवावं. ते झिरपत वर सरकतं आणि सच्छिद्र खडकात अडकतं. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायचं तेल असंच चुनखडकाच्या छिद्रांत साठलेलं आहे.

हे तेल खरंच सजीवांपासून आलं याचा भक्कम पुरावा १९३० च्या दशकात आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दिला. त्याला खनिज तेलात पानांच्या हरितद्रव्याचा सांगाडा सापडला. हरितद्रव्यात मधोमध मॅग्नेशियम असतं. तेलातल्या सांगाड्यात त्या जागी व्हॅनेडियम येऊन बसलं होतं, पण भोवतीची चौकट ओळखू येत होती.

डांबरातल्या कड्यांनी भारताच्या इतिहासातही हात घातला आहे. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणली, आणि तिची सुरुवात होत होती नॅप्थलीनपासून! नॅप्थलीनची एक कडी फोडायची क्रिया फार मंद चालत असे. एकदा थर्मामीटर फुटून पारा मिश्रणात सांडला आणि ती भराभर झाली, असं सांगतात. कृत्रिम निळीचा रेणू झाडाच्या पानांतून निघणाऱ्या निळीचाच होता, त्यामुळे पानांची नीळ बाजारात टिकेना. चंपारणमध्ये शेतकऱ्यांवर बिघ्यातल्या २० पैकी ३ कठ्ठ्यांत नीळ लावायची सक्ती होती. भाव पडले तेव्हा निळीच्या मळेवाल्यांनी ती सक्ती सोडण्याच्या बदल्यात वाढीव सारा मागितला. १९१७ साली गांधीजी तिथे पोहोचले तेव्हा जी गाऱ्हाणी त्यांनी लिहून घेतली, त्यात हेही होतं.

आज जीन्सच्या कापडाची निळाई अ‍ॅनिलीनपासून बनते आणि अ‍ॅनिलीन बेंझीनपासून. हे बेंझीन आता बहुतांशी खनिज तेलाचं असतं. तेलातल्या सहा-सात कार्बनच्या साखळ्या प्लॅटिनमच्या सान्निध्यात तापवल्या की त्यांची टोकं जुळतात, आणि कडी तयार होते.