आयर्लंडमधला पूर्वज शोधायचा असेल तर
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"पणजोबा आयरिश होते, डब्लिनहून त्यांचे कागद मागवून द्या," अशी मागणी आमच्याकडे नेहमी येते. कागद मिळतात, पण कोणत्या गावचे मागवायचे हे आधी कळावे लागते. "पॅट्रिक मर्फी, आयर्लंड" एवढ्याच माहितीवर संगणकाच्या सूचीत पॅट्रिक मर्फींची रांग लागते. त्यातला आपला कोणता हे सांगणारा कागद सहसा आयर्लंडमध्ये नसतो. माणूस देश सोडून जिथे स्थायिक झाला, तिथे तो पडलेला असतो. म्हणून आम्ही शोध परदेशातल्या टोकापासून सुरू करतो आणि गावाचे नाव हाती लागेपर्यंत डब्लिनच्या वाटेला जात नाही.

गाव म्हणजे नेमके काय

आयर्लंडमध्ये जमिनीचा स्वतंत्र नाव असलेला सर्वांत लहान तुकडा म्हणजे टाउनलँड. नावात टाउन असले तरी ते शहर नव्हे. साधारण काहीशे एकरांचे, स्वतःचे नाव असलेले ते शिवार, आणि अशी साठ हजारांहून जास्त आहेत. त्यांच्यावर पॅरिश (अनेक शिवारांचा गट), बॅरनी (साधारण तालुक्यासारखी) आणि काउंटी (जिल्ह्यासारखी). घोळ पॅरिशपाशी होतो, कारण पॅरिश दोन प्रकारची असते. जमिनीच्या दप्तरात सरकारी पॅरिश असते, तर बाप्तिस्म्याच्या वहीवर कॅथलिक पॅरिश. दोघांच्या हद्दी जुळत नाहीत, नावेही वेगळी असू शकतात. जन्म-मृत्यूची नोंदणी त्याहून तिसऱ्याच विभागणीने, म्हणजे पुअर लॉ युनियनने (गरिबांच्या मदतीसाठी आखलेल्या विभागांनी) होई, आणि एक युनियन दोन-तीन काउंट्यांत पसरलेलीही असू शके. जन्मनोंदीत शेजारच्या काउंटीतल्या शहराचे नाव दिसले म्हणून ती नोंद दुसऱ्या कुणाची ठरत नाही.

स्थलांतरित नातेवाइकांचे कागद

सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो आणि तो जाऊ द्यावा. देशानुसार कागदाची ताकद बदलते.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया (१८५३ पासून) आणि न्यू साउथ वेल्स (१८५६ पासून) इथले मृत्यूचे दाखले सोन्यासारखे. मृताच्या आईवडिलांची नावे, आईचे माहेरचे आडनाव, जन्मस्थान, वसाहतीत किती वर्षे राहिला आणि मुलांची नावे, एवढे सगळे एका कागदावर असते. मात्र माहिती देणारा जावई किंवा शेजारी असेल तर मृताच्या आईचे नाव अंदाजाने घातलेले असू शकते. तेव्हा माहिती देणारा कोण, तो रकाना आधी वाचावा. स्कॉटलंडमध्ये १८५५ पासूनच्या लग्नाच्या आणि मृत्यूच्या नोंदींत दोन्ही पालक, आईच्या माहेरच्या नावासह, सापडतात. इंग्लंडच्या जनगणनेत मात्र जन्मस्थानापुढे बहुधा नुसते "आयर्लंड" लिहून विषय संपवलेला असतो.

अमेरिकेत १९०६ ही तारीख लक्षात ठेवा. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून नागरिकत्वाच्या अर्जाचा नमुना देशभर एकच झाला आणि त्यात जन्मगाव आले. त्याआधीच्या अर्जांत "ग्रेट ब्रिटनच्या राणीचा प्रजाजन" यापलीकडे फारसे हाती लागत नाही. जहाजाच्या याद्याही तशाच. १९०७ पासून मायदेशी मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचे नाव-पत्ता त्यात घेतला जाई. त्याआधी बहुधा वय, व्यवसाय अशी थोडकीच माहिती. "एलिस आयलंडवर (न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात) कारकुनाने आडनाव बदलले" ही कथा घरोघरी सांगतात, पण यादी जहाज सुटण्याच्या बंदरातच भरून येई आणि उतरताना फक्त ताडून पाहत. शिवाय एलिस आयलंड १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झाले. दुष्काळात, म्हणजे १८४५ नंतरच्या वर्षांत गेलेला माणूस तिथून गेलेलाच नाही.

जुन्या काळासाठी न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेच्या वह्या पाहाव्यात. बँक १८५० ची. खातेदाराची ओळख पटवण्यासाठी जन्मगाव, जहाज, आईवडील आणि भावंडे कुठे कुठे आहेत हे विचारून लिहून ठेवत. बोस्टनच्या "पायलट" या वृत्तपत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती येत. त्यांत पॅरिश आणि काउंटी बहुधा असे. कॅथलिक दफनभूमीतल्या दगडांवरही जन्माची पॅरिश कोरलेली आढळते. तेव्हा दगडाचा फोटो पुढून, मागून आणि बाजूने, तिरप्या उन्हात काढावा. झिजलेली अक्षरे तेव्हाच उठतात.

एक नियम आम्ही कधी मोडत नाही: स्वतःच्या पूर्वजावर कागद संपला की भावंडांवर जायचे. आयरिश माणसे एकेकटी गेली नाहीत. आधी बहीण जाई, ती तिकिटाचे पैसे पाठवी, मग भाऊ, मग शेजारचा मुलगा. तुमच्या पणजीच्या दाखल्यावर "आयर्लंड" एवढेच असेल, पण तिच्या धाकट्या भावाच्या दाखल्यावर टाउनलँड सापडू शकते. लग्नातले साक्षीदार आणि मुलांचे गॉडफादर-गॉडमदर हेही बहुधा त्याच गावचे असतात.

महाराष्ट्रात आलेला आयरिश शिपाई

पुणे, देवळाली, मुंबई इथल्या कुटुंबांत आयरिश पूर्वज असला तर तो अनेकदा फौजेतला असतो. कंपनीच्या मुंबई फौजेतल्या गोऱ्या पलटणींत आयरिश भरती मोठी होती. त्यातलीच एक पलटण, रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स, १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलियर्समध्ये गेली. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने यांच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन-३ या क्रमांकाखाली आहेत. लग्नाच्या नोंदीत बहुधा वडिलांचे नाव मिळते, आयर्लंडमधले गाव क्वचित. कॅथलिक नोंदी या नकलांत अपुऱ्या आहेत, त्यामुळे त्या चर्चची मूळ वही पाहावीच लागते.

गाव मिळते ते पेन्शनच्या कागदात. ब्रिटिश फौजेतून पेन्शन घेऊन सुटलेल्या शिपायाच्या कागदावर पॅरिश, जवळचे शहर आणि काउंटी अशा तीन जागा भरलेल्या असतात. कानाला जसे ऐकू आले तसे कारकुनाने लिहिलेले असल्याने नकाशावर ते नाव शोधताना मोठ्याने वाचून पाहावे. शिपाई नोकरीतच वारला असेल तर हा कागद तयारच झालेला नसतो. मग पलटणीच्या मृतांच्या यादीकडे वळावे लागते. तिथे कधीकधी जन्मगाव आणि मूळ धंदा असतो. पलटणीचे नाव ठाऊक नसेल तर आधी मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी काढाव्यात, त्यांत बापाचा हुद्दा आणि पलटण असते.

काय जळाले, काय उरले

३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातले सरकारी दप्तरखाने आगीत उद्ध्वस्त झाले. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा बहुतेक भाग आणि चर्च ऑफ आयर्लंडच्या (प्रॉटेस्टंट चर्चच्या) निम्म्याहून जास्त वह्या त्यात गेल्या. १८६१ ते १८९१ च्या जनगणना मात्र त्या आगीत गेल्या नाहीत. त्या सरकारनेच आधी नष्ट करून टाकल्या होत्या. कॅथलिक वह्या चर्चमध्येच असल्याने वाचल्या. त्यामुळे "आयर्लंडचे सगळे जळाले" असे कुणी सांगितले तर हातातला शोध सोडू नका.

पूर्ण उरलेल्या जनगणना १९०१ आणि १९११ च्या, दोन्ही राष्ट्रीय दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर फुकट. १९११ च्या तक्त्यात विवाहित बाईला लग्नाला किती वर्षे झाली, मुले किती झाली आणि किती हयात आहेत हे विचारले आहे. सहा झाली आणि चार हयात असतील, पण घरात दोनच दिसत असतील, तर बाकी दोघे कुठे गेले हा पुढचा प्रश्न, आणि उत्तर अनेकदा बोस्टनला मिळते.

जन्म, मृत्यू आणि कॅथलिक लग्ने यांची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८६४ पासून. इतरांची लग्ने १ एप्रिल १८४५ पासून. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीची लग्ने आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू यांच्या मूळ पानांची चित्रे सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. उत्तरेकडच्या सहा काउंट्यांच्या, आयर्लंडच्या फाळणीनंतरच्या नोंदी बेलफास्टला, आणि तिथे पैसे पडतात. १८६४ च्या मागे जायचे तर कॅथलिक वह्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची चित्रे साधारण १८८० पर्यंत ऑनलाइन ठेवली आहेत. वह्या बऱ्याचशा लॅटिनमध्ये आहेत: जेम्सचा जेकोबस, विल्यमचा गुलिएल्मस, ओवेनचा युजेनियस.

घोळ कुठे होतो

वयावर विश्वास ठेवू नका. १९०१ मध्ये ५६ वर्षांची लिहिलेली बाई १९११ मध्ये ७१ ची झालेली दिसते. कारण सरळ आहे. जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या वृद्धांना पेन्शन सुरू झाली, जन्मदाखला कुणाकडे नव्हता आणि वय वाढवणे फायद्याचे होते. वय सिद्ध करण्यासाठी १८४१ आणि १८५१ च्या, तेव्हा शाबूत असलेल्या जनगणनांत शोध घेतला जाई. त्या शोधाचे अर्ज उरले आहेत, आणि त्यांवर अर्जदाराच्या आईवडिलांची नावे व टाउनलँड असते. जळालेल्या जनगणनेचा हा तुकडा अनेक कुटुंबांच्या कामी येतो.

जन्मतारीखही अशीच. नोंदणीची मुदत उलटली की दंड, म्हणून बाप तारीख पुढे ढकलून सांगे. बाप्तिस्मा ३ मार्चचा आणि सरकारी जन्म २० मार्चचा असे दिसले तर बाप्तिस्मा खरा धरावा.

आडनावातले ओ आणि मॅक कधी लागतात, कधी गळतात. सूचीत दोन्ही तऱ्हांनी पाहा. कॅव्हन काउंटीतला स्मिथ मुळात मॅकगोवन असू शकतो. बायकांची नावे आणखी फसवतात: अमेरिकेतली डेलिया गावात ब्रिजेट असते, नोरा वहीत होनोरा.

जमिनीच्या बाबतीत ग्रिफिथची आकारणी, म्हणजे घर-जमिनीवरच्या करासाठी केलेली देशभरची पाहणी (१८४७ ते १८६४), कामाची. घर-जमीन कसणाऱ्याचे नाव, मालक, क्षेत्रफळ आणि आकार असे तिचे रकाने पाहिले की आपला सातबारा आठवतो. एकाच शिवारात दोन जॉन मर्फी असतील तर एकापुढे बापाचे नाव जोडलेले असते. पुढच्या वर्षांचे फेरफार वेगवेगळ्या रंगांच्या शाईने नोंदवत. नाव खोडून दुसरे चढले ते वर्ष मृत्यूचे किंवा देश सोडल्याचे असू शकते, म्हणून आम्ही त्याच्या आसपासच्या मृत्यूच्या नोंदी आणि जहाजाच्या याद्या दोन्ही तपासतो. पश्चिमेकडच्या भागात जनुकीय चाचणी जपून वापरावी. तिथे पिढ्यान्‌पिढ्या आसपासच्याच घरांत लग्ने झाल्याने चाचणी दाखवते त्यापेक्षा नाते लांबचे निघते.

आयरिश नागरिकत्वासाठी शोध असेल तर

तुमचे आजोबा किंवा आजी आयर्लंड बेटावर जन्मलेली हवीत. पणजोबांवरून हक्क सांगायचा तर तुमच्या जन्माआधीच तुमच्या पालकांची परदेशी जन्मनोंद (परदेशात जन्मलेल्या आयरिश वंशजांची आयर्लंड सरकारकडची नोंद) झालेली हवी. संकेतस्थळावरचे चित्र इथे चालत नाही. तिन्ही पिढ्यांचे पूर्ण, प्रमाणित दाखले लागतात. नावाचे स्पेलिंग जुळत नसेल तर ते आम्हाला सुरुवातीलाच सांगा, त्यासाठी वेगळे कागद जोडावे लागतात.

आमच्याकडे येताना

घरातल्या सर्वांत जुन्या माणसापासून मागे जाणारी साधी वंशावळ, मिळतील ते दाखले, फौजेचे किंवा रेल्वेचे कागद, जुन्या पाकिटांवरचे टपालाचे शिक्के आणि फोटोंच्या मागच्या बाजू (तिथे स्टुडिओचे नाव आणि शहर छापलेले असते) यांचे फोटो पाठवा. ऐकीव गोष्टीही लिहा, पण ऐकीव म्हणून वेगळ्या. काम आम्ही टप्प्याटप्प्याने घेतो आणि पहिला टप्पा फक्त गाव ठरवण्याचा. गाव ठरले नाही तर पुढच्या टप्प्याचे पैसे घेत नाही.