गोगा, ऑक्टाव्हियान

गोगा, ऑक्टाव्हियान : (१ एप्रिल १८८१ – ७ मे १९३८). रूमानियन कवी, नाटककार आणि काही आठवड्यांचा पंतप्रधान. जन्म ट्रान्सिल्व्हेनियातील सिबिऊजवळच्या रशिनार ह्या गावी, ऑर्थोडॉक्स धर्मगुरूच्या घरी. हा प्रदेश तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत मोडत असे. शिक्षण सिबिऊ, ब्राशोव्ह आणि बुडापेस्ट येथे.

१९०५ च्या पहिल्याच संग्रहाने त्याचे नाव झाले. नांगरधारी शेतकरी, वेठबिगार आणि ओल्त नदी हे त्यातले विषय. ह्या नदीपुढे तो साऱ्या मुलखाचे गाऱ्हाणे मांडतो. पुढच्या संग्रहांत ती धग क्वचितच आढळते. राजकीय लेखनाबद्दल हंगेरियन सरकारने त्याला सेगेदच्या तुरुंगात टाकले, तेव्हा हंगेरियन कवी एन्द्रे ओडी त्याला भेटायला गेला होता. ओडीच्या विधवेकडूनच गोगाने पुढे चुचा येथील वाडा विकत घेतला. आज तेथे संग्रहालय असून गोगाची समाधीही आहे.

१९२६-२७ मध्ये तो गृहमंत्री होता. १९३५ साली त्याचा पक्ष ए. सी. कुझाच्या उघड ज्यूविरोधी संघटनेत मिसळून राष्ट्रीय ख्रिस्ती पक्ष झाला. डिसेंबर १९३७ च्या निवडणुकीत ह्या पक्षाला जेमतेम ९ टक्के मते पडली, क्रमांक चौथा. तरी पंतप्रधान झाला तो गोगाच. कायद्याप्रमाणे ४० टक्के मते मिळवणाऱ्या पक्षाला निम्म्या जागा थेट मिळत, शिवाय उरलेल्यांत वाटा. सत्ताधारी लिबरल ३६ टक्क्यांवरच अडकले, त्यामुळे बहुमत कोणालाच मिळाले नाही आणि निवड राजाच्या हाती आली. राजा दुसरा कॅरोल ह्याला ना राष्ट्रीय शेतकरी पक्षाचा नेता मानिऊ हवा होता, ना लोहरक्षक दल ही फॅसिस्ट संघटना. दुबळा पंतप्रधान त्याच्या पथ्यावर पडणारा होता.

२२ जानेवारी १९३८ च्या हुकूमनाम्याने ज्यूंवर आपले नागरिकत्व कागदपत्रांनिशी पुन्हा सिद्ध करण्याची सक्ती झाली. मुदतीत पुरावा न दिल्यास नागरिकांच्या यादीतून नाव कमी. पहिल्या महायुद्धानंतर रूमानियाला जोडलेल्या प्रांतांतल्या कित्येकांच्या नोंदी जुन्या राजवटींच्या दप्तरांत होत्या. त्या वेळेत मिळवायच्या कशा? ठेवीदारांनी बँकांतून पैसे काढले, शेअर बाजार गडगडला, ब्रिटन-फ्रान्सने नापसंती कळवली. १० फेब्रुवारीला राजाने सरकार घालवून स्वतःची हुकूमशाही आणली. तीन महिन्यांच्या आत पक्षाघाताने गोगाचा मृत्यू झाला. फेरतपासणी मात्र त्याच्यामागेही चालूच राहिली आणि तीत सुमारे सव्वादोन लाख ज्यूंनी नागरिकत्व गमावले.