गुहागरचा शिमगा, मोहोर आणि कासवाची पिल्लं: ही तिसरी बातमी आली कुठून?

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या गुहागरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेल्या तीन गोष्टी सुरू होतात. पहिली म्हणजे आंब्याचा मोहोर, कुणाच्या बागेत पुनर्मोहोर आलाय, कुणाच्या तुडतुड्याने खाल्लाय, कुणाची कणी, म्हणजे नुकतं धरलेलं बारीक फळ, गळून गेलीय. दुसरी शिमग्याची, म्हणजे पालखी कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत त्याचा हाताने लिहिलेला कागद फोटो काढून टाकलेला असतो आणि त्याच्या खाली मुंबईवाल्यांचं रडगाणं की तिकीट वेटिंगवर आहे. आणि तिसरी म्हणजे संध्याकाळी सहा-साडेसहाचा व्हिडिओ, पुळणीवर ओळीने उभी माणसं, मध्ये मोकळी वाळू आणि त्यावरून तुरुतुरु निघालेली काळी काळी कासवाची पिल्लं.

ह्या तिसऱ्या बातमीबद्दल लिहायचंय. कारण आता ती इतकी अंगवळणी पडलीय की नव्या पोरांना वाटतं कोकणात हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. शिमगा चालत आलाय, मान्य. फाक पंचमीपासून होळ्या लागतात, कुठे तेरशीला कुठे पौर्णिमेला मोठा होम, मग देवी रुपं, म्हणजे मुखवटे, लावून पालखीत बसते, सहाणेवर, म्हणजे पालखीच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, येते, नंतर घरोघर फिरते, बाहेर संकासुराचं सोंग पोरांच्या मागे धावतं आणि मानकऱ्यांचं दरवर्षीचं भांडणही परंपरेतच धरायला हरकत नाही. हे सगळं जुनं. कासवाच्या पिल्लांना टाळ्या वाजवून समुद्रात सोडणं मात्र पंचवीस वर्षांच्या आतलं आहे बरं का. त्याच्या आधी काय चालायचं ते आमच्या आई-वडिलांच्या पिढीला विचारा, जरा अवघडून सांगतील.

तेव्हा अंडी काढायचे. सरळ गोष्ट आहे. हिवाळ्यात मादी रात्री पुळणीवर यायची, खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालून परत जायची, आणि पहाटे जो पहिला तिची वाट बघेल (वाट म्हणजे वाळूत उमटलेला तिच्या वल्ह्यासारख्या परांचा माग, ट्रॅक्टरचं एकच चाक गेल्यासारखा दिसतो) त्याची ती अंडी. घरी खायची, शेजारी द्यायची, उरली तर विकायची. कुणाला त्यात पाप वाटायचं नाही. आता गंमत बघा, आपल्या प्रत्येक देवळात देवासमोर दगडी कासव असतं, आपण वाकून त्याला हात लावून पुढे जातो, आणि त्याच देवळापासून पाच मिनिटांवरच्या पुळणीवर खऱ्या कासवाच्या अंड्यांची टोपली भरायचो. आणि आपल्याकडे येणारं हे कासव म्हणजे ऑलिव्ह रिडले, ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं, म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण तेवढंच ह्याला, पण कायदा पुस्तकात आणि टोपली डोक्यावर. माणसाने सोडली ती कुत्री, कोल्हे, घोरपडी उकरायचे. त्यातून पिल्लं कितीशी निघणार.

बदल सुरू झाला तो गुहागरात नाही, तिकडे उत्तरेला वेळासला. मंडणगड तालुका, बाणकोट किल्ल्याच्या बाजूला, सावित्री नदी समुद्राला मिळते तिथलं गाव. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून शाळेत नाव ऐकलेलं असतं तेच हे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं, म्हणजे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, किनारपट्टीवर समुद्र गरुडाची घरटी मोजत फिरत होती. गरुड वर झाडावर असतो, ही मंडळी मान वर करून फिरत असणार, पण सापडलं ते पायाखाली. वेळासच्या पुळणीवर कासवाच्या अंड्यांची फोडलेली टरफलं दिसली. चौकशी केल्यावर कळलं की इथे कासवं येतात, नियमित येतात, आणि अंडीही नियमित जातात.

तोपर्यंत समुद्री कासवं म्हटली की सगळ्यांच्या डोळ्यासमोर ओडिशा यायचं, गहिरमाथा आणि ऋषिकुल्या, जिथे लाखाच्या हिशोबात माद्या काही रात्रींत एकाच किनाऱ्यावर चढतात. आपल्याकडे तसं काही नाही. इथे एकटी-दुकटी मादी येते, आज ह्या टोकाला एक, परवा त्या टोकाला एक. त्यामुळे कुणाचं लक्षच नव्हतं, आणि राखण करायची म्हटली तर ती जास्त कठीण, कारण एकेक घरटं हुडकून काढायला सगळी पुळण रोज पहाटे पायी तुडवावी लागते.

आता हे करणार कोण? संस्थेची माणसं चिपळूणला. इथे त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, त्यांनी गावातल्याच माणसांना हाताशी धरलं, समजावलं, थोडं मानधन दिलं. किनाऱ्यावर ज्याला अंडी सापडतात त्याच्याएवढा जाणकार दुसरा कोण असणार. जो काल काढत होता तोच आज राखायला लागला असं बऱ्याच ठिकाणी झालंय, आणि ह्याच लोकांना आता सगळे कासवमित्र म्हणतात. वेळासला पहिल्याच हंगामात पन्नासेक घरटी राखली गेली आणि अडीच हजारांवर पिल्लं समुद्रात गेली. ज्या किनाऱ्यावरून तोवर बहुतेक सगळी टोपलीत जायची तिथे हा आकडा.

कासवमित्राचं काम मी गुहागरात जवळून पाहिलंय एकदा, म्हणून सांगतो. पहाट, दंव पडून वाळू गार. एक काका पुढे, मी मागे धापा टाकत. माग दिसला की तो वर जिथे संपतो आणि परत फिरतो तिथे ते थांबतात, हातातली बारीक काठी अलगद वाळूत घालून बघतात, एका जागी ती जरा जास्त सहज आत जाते, तिथेच घरटं. मग बसून हाताने उकरायचं, फावडं नाही, काही नाही. साधारण दीड फुटावर पहिलं अंडं, पिंगपाँगच्या चेंडूएवढं, पण टणक नाही, बोटाने दाबलं तर किंचित आत जाणारं. एकेक काढून खालची ओली वाळू घातलेल्या टोपलीत ठेवायचं, आणि ठेवताना फिरवायचं नाही, जसं होतं तसंच उचलून तसंच ठेवायचं, आत गर्भ चिकटलेला असतो म्हणून. काका तोंडाने मोजत होते आणि मी मध्ये काहीतरी विचारलं तर नुसता हात दाखवून गप्प केलं मला, कारण आकडा चुकला की सगळं परत मोजायचं, आणि परत मोजणं म्हणजे परत हाताळणं.

मग ही टोपली वर सुरूच्या झाडांच्या बाजूला, जाळीच्या कुंपणात जाते. ह्याला हॅचरी म्हणतात सगळे, मराठी शब्द असेल पण कुणी वापरत नाही. तिथे मादीने केला तेवढाच खोल, तसाच मडक्याच्या आकाराचा, तोंड अरुंद पोट रुंद असा खड्डा करायचा, अंडी ठेवायची, वाळू लोटायची, वर पाटी लावायची: तारीख, अंड्यांची संख्या. पुढे पंचेचाळीस ते साठ दिवस वाट. दिवस भरत आले की वर टोपली उपडी घालून ठेवतात आणि दिवसातून अनेकदा उचलून बघतात. बाहेर येण्याआधी वरची वाळू थोडी खचते, बशीसारखा खोलगट भाग होतो. अनुभवी माणूस तेवढ्यावरून सांगतो, उद्या येतील.

म्हणजे हिशोब करा, डिसेंबर-जानेवारीत घातलेली अंडी फेब्रुवारी-मार्चमध्ये फुटणार. बरोबर मोहोर आणि शिमग्याच्या मोसमात. चाकरमानी पोराबाळांना घेऊन घरी आलेले असतात, संध्याकाळी पुळणीवर फिरायला जातात तर तिथे पिल्लं सोडायचं चाललेलं. ही वेळ कुणी ठरवलेली नाही, कासवाच्या आणि पंचांगाच्या हिशोबाने आपोआप जुळलेली आहे.

वेळासवाल्यांनी ह्याच जुळणीतून २००६ पासून कासव महोत्सव सुरू केला. गावात हॉटेल नव्हतं तर लोकांनी आपलीच घरं उघडली, पडवीत सतरंज्या, पानावर घरचं शाकाहारी जेवण, नशीब असेल तर उकडीचे मोदक. सकाळी आणि संध्याकाळी पुळणीवर जायचं, टोपली उचलतात, पिल्लं असली तर असली नाहीतर समुद्र बघून परत. पुण्या-मुंबईचे लोक कधीकधी चिडतात की एवढ्या लांब आलो आणि एकही पिल्लू नाही, अहो ते अंडं आहे, नाटकाचा प्रयोग नाही तिकीट काढलं की पडदा वर जायला. पण एक झालं, कासव खाऊन जेवढे पैसे कधी मिळाले नसते तेवढे ते राखून घरात यायला लागले, आणि ते यायला लागल्यावर बाकीच्या किनाऱ्यांनीही कान टवकारले. आंजर्ल्यालाही महोत्सव व्हायला लागला. हळूहळू वनविभाग उतरला, मग राज्याचा कांदळवन कक्ष आणि त्याचं कांदळवन प्रतिष्ठान. मच्छीमारांसाठी डिसेंबर २०१८ मध्ये योजना आली की जाळ्यात कासव किंवा दुसरा संरक्षित प्राणी अडकला आणि जाळं कापून त्याला सोडलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. जाळं कापणं म्हणजे काय ते दर्यावर जाणाऱ्यालाच कळतं, त्यामुळे नुसतं प्रबोधन करून हे झालं नसतं.

गुहागर ह्या गोष्टीत उशिरा आलं पण आलं ते मोठं होऊन. आमची पुळण लांबच लांब, सरळ, मागे सुरू आणि नारळी-पोफळी, व्याडेश्वराच्या देवळाच्या मागून चालत पाच मिनिटांत पाण्यात. आज राज्यात सगळ्यात जास्त घरटी सापडणाऱ्या किनाऱ्यांत गुहागरचं नाव आहे. (त्याच पुळणीवर हिवाळाभर हजारोंनी कुरव पक्षी बसलेले असतात, लोक सीगल म्हणतात, ते मार्चमध्ये कधी निघून जातात तेही कळत नाही, त्यांची बातमी कुणी करत नाही बिचाऱ्यांची.)

मग २०२२ चा जानेवारी. भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठानने पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेंना पहिल्यांदा सॅटेलाइट टॅग लावले. पहिली वेळासची, तिचं नाव प्रथमा. आंजर्ल्याची सावनी. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत गुहागरात दोघींना टॅग लावले, बागेश्री आणि गुहा. कासव श्वास घ्यायला वर आलं की सिग्नल जातो, आणि नकाशावर ठिपका पडतो. त्या दिवसांत ग्रुपवर क्रिकेटच्या स्कोअरसारखं चालायचं, बागेश्री कुठे पोचली, बागेश्री कुठे पोचली. ती दक्षिणेला गेली, कन्याकुमारीला वळसा घालून श्रीलंकेच्या बाजूला, बंगालच्या उपसागरात. आमच्या इथली मुलगी लग्न करून लांब दिली की बायका जशा चौकशी करतात अगदी त्याच सुरात.

पण खरा धक्का जानेवारी २०२५ चा. गुहागरात एक मादी अंडी घालायला आली, तिच्या पुढच्या परावर धातूची चकती, नंबर ०३२३३. हा आपला टॅग नव्हे. शोध घेतल्यावर कळलं की तिला २०२१ मध्ये ओडिशात गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर अंडी घालताना टॅग लावलेला होता. म्हणजे पूर्व किनाऱ्यावर अंडी घालणारी मादी साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास पोहून पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालायला आली. तिकडच्या वेगळ्या आणि इकडच्या वेगळ्या असंच सगळे धरून चालले होते, ते एका चकतीने हलवलं.

सगळं गोडच आहे असंही नाही. हंगाम सरकलाय. पूर्वी नोव्हेंबरपासून माद्या यायच्या, आता पाऊस लांबतो, २०१९ ला तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा अशी दोन वादळं पाठोपाठ आली, त्यामुळे बऱ्याच वर्षी घरटी उशिरा सुरू होऊन मार्चपर्यंत लागतात आणि पिल्लं मेपर्यंत निघत राहतात. मेमध्ये वाळू तापते. कासवाचं नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, साधारण ३० अंशांच्या वर गेलं की माद्याच जास्त, आणि फार तापली तर अंडी आतच खराब. म्हणून हॅचरीवर हिरवी जाळी बांधून सावली करतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगड-श्रीवर्धनच्या बागा आडव्या केल्या, करोनाने त्याच वर्षी पाहुणे बंद केले, तरी पहाटेची गस्त चालू राहिली कारण कासवांना लॉकडाऊन माहीत नव्हता. आणि आपले पर्यटक, त्यांच्याबद्दल काय बोलायचं, पुळणीवर जीप घालतात, रात्री मोठाले दिवे लावतात, पिल्लू हातात घेऊन सेल्फी मागतात. पिल्लं उजेडाकडे वळतात हो, समुद्रावरचा उजेड समजून ती हॉटेलच्या दिव्याकडे चालत सुटतात. शिमग्यात पालखी पुळणीवर येते तेव्हा मोठे हॅलोजन बंद ठेवा अशी कुणी सूचना मांडली की दहा जण उसळतात, तो वाद यंदाही ग्रुपवर झालाच.

एक गोष्ट मला राहून राहून आठवते. मादी वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि ती अंडी घालायला बहुतेक आपल्या जन्माच्या किनाऱ्याच्या आसपास परत येते. म्हणजे २००२-०३ मध्ये वेळासला सोडलेल्या त्या अडीच हजारांतल्या ज्या काही थोड्या जगल्या असतील त्या एव्हाना येऊन अंडी घालून गेल्यासुद्धा असतील. कळायला मार्ग नाही, कारण पिल्लू पंधरा-वीस ग्रॅमचं, त्याला चकती लावणार कुठे. काकांना मी हे विचारलं होतं त्या दिवशी, परत येताना. ते पाटीवर तारीख लिहीत होते. म्हणाले, एकशे चौदा, लिही तू पण, माझा पेन चालत नाहीये.