गूळ, हिरडा आणि चुना: कोल्हापूरच्या जुन्या भिंतींचं रसायन

पावसाळा सरताना शुक्रवार पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या एखाद्या जुन्या गल्लीतून चालत गेलात, तर एक गोष्ट हमखास दिसते. घराच्या दर्शनी भिंतीला खालून चारेक फूट सिमेंटचा गिलावा केलेला असतो. ओल थांबावी म्हणून मालकानं पदरचे पैसे घालून तो करून घेतलेला असतो. ओल मात्र गिलाव्याच्या वर, पाच-सहा फुटांपर्यंत पोचलेली असते. तिथे रंगाचे पोपडे निघालेले, पांढऱ्या क्षाराचा लोणा फुटलेला, आणि नखानं खरवडलं तरी विटेचा भुगा हातात येतो.

दोष भिंतीचा नाही. ज्या पद्धतीनं ती बांधली गेली, त्या पद्धतीत पाण्याला आत यायला आणि बाहेर जायला वाट होती. आपण ती बुजवली. दगड, माती, चुना, गूळ यांच्या रसायनाकडे नीट पाहिलं की हे लख्ख कळतं, आणि कोल्हापुरात तर हे सगळं साहित्य हाताशीच आहे.

जिल्ह्याचा नकाशाच आधी पाहू. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला 5000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पूर्वेला शिरोळकडे जेमतेम 500. एका जिल्ह्यात दहापट फरक. त्यामुळे पश्चिमेला उतरती कौलारू छपरं, पुढे आलेल्या पागोळ्या आणि जांभ्याचे चिरे. पूर्वेला जाड मातीच्या भिंती. पायाला काळा दगड मात्र दोन्हीकडे.

हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर वाहिलेल्या लाव्हाचा. न झिजलेला चांगला बेसाल्ट चौरस सेंटिमीटरला 1000 किलोहून अधिक दाब सहज झेलतो. साध्या भाजक्या विटेची कुवत 35 ते 50 किलोच्या घरात असते. पण दगडाची एक मर्यादा आहे. तो दाब सोसतो, ताण सोसत नाही. लांब तुळईसारखा आडवा टाकला की खालच्या अंगानं तडकतो. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात खांब इतके जवळजवळ का उभे आहेत आणि छताचे दगड एकेक वर्तुळ पुढे सरकवत का रचले आहेत, त्याचं उत्तर इथे आहे. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं हे काम. दगड दगडावर घासून, खाचा जुळवून बसवायचा. पकड वजनाची आणि घर्षणाची.

जांभ्याचं वागणं उलटं. पन्हाळ्याच्या पठाराचा माथा जांभ्याचा आहे आणि खाली बेसाल्ट. लाखो वर्षांच्या पावसानं मूळ खडकातली सिलिका आणि क्षार धुऊन नेले, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. खाणीतून ताजा निघालेला जांभा इतका मऊ असतो की हत्यारानं त्याचे चिरे पाडता येतात. हवा लागून तो सुकला की त्यातली लोहसंयुगं घट्ट होत जातात आणि चिरा टणक होतो. घडवताना मऊ आणि वापरताना कडक, असा दगड क्वचितच मिळतो.

आता चुना. याच्याकडे जास्त वेळ द्यायला हवा, कारण जुन्या बांधकामाचा प्राण तोच आहे. न्यू पॅलेसचं काम 1877 ते 1884 या काळात मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार झालं. पोरबंदरला सिमेंट तयार होऊ लागलं ते 1914 मध्ये. म्हणजे कोल्हापूरच्या नावाजलेल्या बहुतेक जुन्या वास्तू सिमेंटच्या पोत्याआधीच्या आहेत.

आपल्या लाव्हाच्या मुलखात चुनखडकाचे डोंगर नाहीत. पण काळ्या रानात नांगर चालला की पांढरट, वेडेवाकडे खडे वर येतात, तेच आपले चुनखडे. बेसाल्ट झिजताना त्यातलं कॅल्शियम पावसाच्या पाण्यात उतरतं आणि जमीन सुकली की गाठी धरून बसतं. असे खडे आणि कोळसा थरावर थर रचून भट्टी पेटवायची. सुमारे 900 अंश सेल्सिअसला त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध चुनखडीचा हिशेब धरला तर 100 किलो दगडातून 44 किलो वायू हवेत जातो आणि 56 किलो कळीचा चुना उरतो. ही कळी पाण्यात टाकली की ती उकळून फुटते, फुगते, वाफा येतात. 56 किलो कळी 18 किलो पाणी पिऊन 74 किलो विरलेला चुना होते. पुढे भिंतीत बसल्यावर हा चुना हवेतून नेमका तेवढाच, 44 किलो कार्बन डायऑक्साइड परत ओढतो आणि पुन्हा दगड होतो. भट्टीत जळणाचा धूर होतोच, पण दगडातून निघालेला वायू भिंत परत घेते.

हे परत घेणं फार सावकाश चालतं. कवच बाहेरून आत सरकत जातं, जाड भिंतीच्या पोटात तर कित्येक दशकं काही चुना कच्चाच राहतो. हा मला दोष वाटत नाही. भिंतीला बारीक चीर गेली आणि तिच्यात पावसाचं पाणी शिरलं, की तो राखीव चुना थोडा विरघळतो, चिरेत येतो आणि हवा लागली की तिथेच थिजतो. चीर आपोआप सांधते. रोमन काँक्रीटमधल्या चुन्याच्या पांढऱ्या गाठीही हेच काम करतात, असं 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं.

रानातल्या चुनखड्यात थोडी माती अडकलेली असते. ती चुन्याबरोबर भाजली गेली की तिच्यातल्या सिलिकेची चुन्याशी संयुगं होतात, आणि असा चुना नुसत्या हवेवर अवलंबून न राहता पाण्याखालीही धरतो, म्हणजे घट्ट होतो. विहिरीला, घाटाला, पुलाला हाच उपयोगी. तोच गुण मुद्दाम आणायचा तर सुरखी घालायची, म्हणजे नीट भाजलेल्या विटांची पूड. उसाच्या चिपाडाच्या राखेतही सिलिका भरपूर असते. नीट जळलेली आणि बारीक दळलेली राख सुरखीसारखीच चुन्याशी जोडली जाते. ऊस आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात या राखेचा बांधकामासाठी गंभीरपणे विचार व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

चुना आणि वाळू घाणीत मळत. गोल दगडी चर, त्यात फिरणारं जड दगडी चाक, ते ओढणारी बैलजोडी. दळण जितकं चांगलं तितका वाळूच्या प्रत्येक कणाला चुना माखला जाई. याच वेळी त्यात पडे गुळाचं पाणी आणि हिरडा.

कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते चवीसाठी आणि रंगासाठी. बांधकामातलं त्याचं काम वेगळं आहे. साध्या पाण्यात चुना फार थोडा विरघळतो, लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम. पाण्यात साखर असली की ती कॅल्शियमला धरून ठेवते आणि कितीतरी जास्त चुना विरघळतो. विरघळलेला चुना बारीकसारीक भोकांत शिरतो आणि तिथे स्फटिक धरतो. शिवाय गूळ घातला की कमी पाण्यातही चुना थापीखाली मऊ राहतो, आणि कमी पाणी म्हणजे सुकताना कमी भेगा. जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या जंगलातल्या हिरड्यात भरपूर टॅनिन असतं, तेही कॅल्शियमशी जोडलं जातं. गूळ-हिरड्याचं पाणी काही दिवस आंबवून वापरायची रीत होती. आंबताना त्यात सेंद्रिय आम्लं तयार होतात आणि चुन्याचे स्फटिक कसे वाढतील यावर त्यांचा परिणाम होतो. प्रमाण मात्र जपावं लागतं. गूळ जास्त झाला तर चुना धरायचाच थांबतो.

साखर सिमेंटवरही चालते. सिमेंटच्या वजनाच्या 0.05 टक्के साखर पडली तरी काँक्रीट घट्ट व्हायला काही तास उशीर होतो. तयार काँक्रीटची गाडी वाटेत अडकली, तर ड्रममध्येच दगड होऊ नये म्हणून साखर ओतण्याची युक्ती आजही वापरतात.

मातीच्या भिंतीबद्दल आपल्याकडे उगाच कमीपणा आहे. भेंड्याची, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांची, भिंत उभी राहते ती चिकणमातीच्या कणांमधल्या पाण्याच्या बारीक पडद्यांमुळे. दिवाळीत किल्ला करणाऱ्या पोरांना हे पक्कं ठाऊक असतं: कोरडी माती ढासळते, चिखल बसतो, दमट माती मात्र बुरूज धरते. माती पूर्ण भिजली की हे पडदे नाहीसे होतात आणि पकड सुटते. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोळ आणि करवीरमधल्या मातीच्या भिंतींच्या वाट्याला नेमकं हेच आलं. जुन्या घरांचं दगडी जोतं आणि पुढे आलेलं छप्पर शोभेसाठी नव्हतं. वरून पाऊस आणि खालून ओल यांपासून मातीला वाचवणं हे त्यांचं काम. पण पुराचं पाणी दिवसच्या दिवस तुंबून राहतं तिथे कच्ची माती वापरू नये, हेही तितकंच खरं.

आता त्या गल्लीतल्या भिंतीकडे येऊ. जमिनीतलं पाणी विटांच्या आणि चुन्याच्या बारीक भोकांतून वर ओढलं जातं. चुन्याच्या गिलाव्यातून ते खालच्या फुटा-दोन फुटांतच वाफ होऊन निघून जाई. सिमेंटचा दाट थर लागला की वाफ बाहेर पडत नाही, मग पाणी उघडी जागा सापडेपर्यंत वर चढत राहतं. त्याच्याबरोबर क्षार येतात. पाणी उडालं की क्षारांचे स्फटिक विटेच्या भोकांत वाढतात आणि आतून दाब देऊन ती फोडतात. चुन्याच्या सांध्यात हा सगळा मारा सांधा सोसतो, दहा-वीस वर्षांनी तो खरवडून पुन्हा भरला की झालं. सिमेंटचा सांधा विटेहून कडक, मग फुटते ती वीट. ती बदलायला भिंतच उकलावी लागते.

म्हणून जुनी भिंत दुरुस्त करण्याआधी सांध्यातला एक खडा काढून त्यावर व्हिनेगर टाकून पाहावं. फेस आला आणि खडा बोटानं चुरडला गेला, तर तिथे चुनाच असण्याची शक्यता मोठी. तिथे चुन्यानंच सांधे भरावेत. सांधा रुंदीच्या दुप्पट खोल खरवडायचा, धूळ काढून ओला करायचा, पातळ थरांत भरायचं आणि आठवडाभर ओली पोती लावायची. कळीचा चुना विरवताना डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे हवेतच, तो डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

वेळही पाहावी लागते. भर पावसात भिंतीची भोकं पाण्यानं भरलेली असतात, हवा आत शिरत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी झटकन उडतं आणि चुना नुसता वाळतो, धरत नाही. दिवाळी ते होळी या महिन्यांत हवेत थोडी ओल असते आणि भिंतीतही. कोल्हापुरात चुन्याचं काम काढायला हेच दिवस चांगले.