कोमीया की कोमेरीया?

स्पॅनिशमध्ये 'कोमेर' म्हणजे जेवणं. त्याचा अपूर्ण भूतकाळ 'कोमीया', तर संकेतार्थ 'कोमेरीया'. शेवट दोन्हीकडे 'ईया', आणि घोळ सगळा तिथेच. 'कोमीया' म्हणजे मी जेवत होतो किंवा जेवायचो. 'कोमेरीया'ला मात्र कुठली तरी अट चिकटलेली असते: वेळ असता तर जेवलो असतो.

ही गफलत 'एर' आणि 'ईर'वाल्या क्रियापदांपुरतीच. 'आब्लार' म्हणजे बोलणं, त्याची रूपं 'आब्लाबा' आणि 'आब्लारीया'. तिथे चुकायला वावच नाही.

ओळखायचं कसं? 'ईया'च्या आधी काय उरलंय ते बघा. 'कोमेरीया'त अख्खं 'कोमेर' शाबूत आहे, 'कोमीया'त नुसतं 'कोम'. बाराएक क्रियापदं तेवढी वाकडी चालतात: तेनेरचं (जवळ असणं) 'तेंद्रीया', आसेरचं (करणं) 'आरीया', देसीरचं (सांगणं) 'दिरीया'. शेवट सारखे असण्याला कारण आहे. बोलीभाषेतल्या लॅटिनमध्ये मूळ क्रियापदाला 'आबेर'चा, म्हणजे 'असणं'चा, भूतकाळ जोडून संकेतार्थाचं रूप घडलं. त्या 'आबीया'चीच झिजलेली शेपटी म्हणजे हा 'ईया'.

'र दिसला की संकेतार्थ' अशी युक्ती काहीजण सांगतात. तिच्यावर विसंबू नका. 'कोर्रेर' म्हणजे धावणं. 'कोर्रीया'त र ठसठशीत आहे, तरी तो भूतकाळच. संकेतार्थ 'कोर्रेरीया'.

अर्थाच्या बाबतीत इंग्रजीतून वळसा घेणारे हमखास फसतात, कारण लहानपणी रोज खायचो यालाही तिथे 'वुड' आणि संधी मिळाली तर खाईन यालाही 'वुड'. सरळ मराठीतून जा. 'मे गुस्ताबा' म्हणजे मला आवडायचं, 'मे गुस्तारीया' म्हणजे मला आवडेल. वाक्याची बांधणीसुद्धा आपलीच, 'मला' धरून.

अर्थात मराठी सगळीकडे हात देत नाही. 'येईन असं तो म्हणाला' यात आपण भविष्यकाळ जसाच्या तसा ठेवतो. स्पॅनिशमध्ये बोलणं भूतकाळात गेलं की 'दिहो के बेंद्रीया', म्हणजे संकेतार्थ. शिवाय आपलं 'जेवलो असतो' आजच्या अटीलाही चालतं आणि कालच्या हुकलेल्या संधीलाही. स्पॅनिश त्यांची फारकत करते: आजसाठी 'कोमेरीया', कालसाठी 'आब्रीया कोमीदो'.

सगळ्यात बारीक जोडी 'केरेर'ची, म्हणजे हवं असण्याची. भूतकाळ 'केरीया', संकेतार्थ 'केर्रीया'. फरक फक्त र जिभेवर एकदा टेकवायचा की थरथरवायचा एवढाच. कॅफेत 'केरीया उन काफे' म्हटलंत तरी बिघडत नाही, कारण नम्रपणे मागायला हा भूतकाळ सर्रास वापरतात. पण 'केरीया इर' म्हणजे मला जायचं होतं आणि 'केर्रीया इर' म्हणजे मला जायला आवडेल. र थरथरवणं जमत नसेल तर 'मे गुस्तारीया इर' म्हणा. स्पॅनिश माणसंही बरेचदा तेच म्हणतात.